मॉडेल टी जागेवर मस्त चालते पण रस्त्यावर गडबड, टेस्ट नक्की कशी घ्यायची?

जुनी_टूरिंग:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज मदत हवीय म्हणून लिहितो. आमच्याकडे १९२४ ची फोर्ड मॉडेल टी आहे, टूरिंग बॉडी, खूप वर्षं उभीच होती. इंजिन पूर्ण उघडून बांधून घेतलं, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व सगळं झालं, रेडिएटर साफ केला, टायर ट्यूब नवे टाकले, बॉडीला रंगही झाला. जागेवर स्टार्ट केली की काय सुंदर चालते, एकदा चालू केली की बंद करावीशी वाटत नाही. म्हणून हिंमत करून बाहेर काढली तर तीन गोष्टी जाणवल्या.

एक म्हणजे हाय गिअर पडल्यावर थोडं अंतर छान जाते आणि मग फुरफुर करत गचके द्यायला लागते, थ्रॉटल कमी केला की सावरते, जरा वेळाने परत तेच. दुसरं, साध्या चढावर रेडिएटरच्या झाकणातून वाफ यायला लागली. तिसरं, लो मधून हाय मध्ये घेताना आणि थ्रॉटल सोडून परत दिला की मागून खालून "टक्" असा एक आवाज येतो. ज्यांनी काम केलं ते म्हणतात एवढ्या जुन्या गाडीत हे असायचंच, चालवत रहा, आपोआप बसेल.

मला ते पटत नाहीये. पण रस्त्यावर टेस्ट घ्यायची म्हणजे नक्की काय बघायचं, कुठून सुरुवात करायची, एकावेळी किती बदल करायचे हे कळत नाही. मागचा एक्सल कोणी उघडलेला नाही हेही सांगून ठेवतो. ज्यांनी या गाड्या हाताळल्यात त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

मागचा_एक्सल:
दादा आधी तिसऱ्या नंबरचं बघा, बाकी दोन राहू द्या. आणि ते बघून होईपर्यंत गाडी उतारावर अजिबात नेऊ नका.

कारण सांगतो. मॉडेल टी चा पायातला ब्रेक चाकांवर नसतो. उजवं पेडल दाबलं की ट्रान्समिशनच्या आतल्या ड्रमभोवतीचा पट्टा आवळला जातो आणि तो रोध ड्राइव्ह शाफ्टमधून (इंजिनाचा जोर मागे नेणारा दांडा), पिनियन आणि क्राउन व्हीलमधून (मागच्या एक्सलमधलं छोटं आणि मोठं गिअर) मागच्या चाकापर्यंत पोचतो. म्हणजे मध्ये कुठेही साखळी तुटली की पेडल कितीही दाबा, गाडी मोकळी. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो खरा, पण फोर्डने तो मुख्यतः गाडी उभी ठेवायला दिलाय, उतारावर धावणारी गाडी थांबवायला त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आता ही साखळी बहुतेक वेळा तुटते ती एकाच जागी. डिफरन्शियलच्या (मागच्या एक्सलच्या मधल्या गिअरच्या गठ्ठ्याच्या) दोन्ही बाजूंना थ्रस्ट वॉशर, म्हणजे तो बाजूला सरकू न देणाऱ्या चकत्या, असतात आणि कंपनीतून ते बॅबिट धातूचे यायचे. बॅबिट मऊ, आणि इतक्या वर्षांनी तो ठिसूळ होऊन फुटतो. वॉशर फुटला की क्राउन व्हील बाजूला सरकतं, पिनियनचे दात सुटतात, आणि त्या क्षणी इंजिनचा जोरही गेला आणि ब्रेकही गेला. आधी काही ठणठणाट होईलच असं नाही. कधी कधी फक्त एक टक् येतो. तुमच्यासारखा.

घाबरवायचं नाहीये, टक् ची दुसरी साधी कारणंही असतात म्हणून उघडायच्या आधी हे करा. मागच्या चाकाची हब कॅप काढा, पिन काढून नट टाइट आहे का बघा. चाक एक्सलच्या निमुळत्या टोकावर चावीने बसलेलं असतं, नट जरा ढिला असला की चाक चावीवर पुढेमागे हलतं आणि थ्रॉटल सोडल्या-दिल्यावर अगदी असाच आवाज येतो. नट टाइट असेल तर मागचा भाग जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर विसंबू नका, आणि चाक दोन्ही हातांनी धरून एक्सलच्या दिशेने आत बाहेर ढकला. स्पष्ट खेळ जाणवला तर संशय वॉशरवर.

आणि सगळ्यात खात्रीची गोष्ट, डिफरन्शियलचं ऑइल काढा. पांढऱ्या ट्रेमध्ये पातळ थर पसरून उन्हात बघा. राखाडी चकचकीत कण दिसले तर त्यावर मॅग्नेट फिरवा. मॅग्नेटला चिकटले तर ते गिअरचं किंवा बेअरिंगचं स्टील. चिकटले नाहीत, नखाने दाबल्यावर मऊ लागले, तर तो बॅबिट आहे आणि मग गाडी रस्त्यावर न्यायचा विचार सोडा, एक्सल उघडा. खरं तर माझं स्पष्ट मत असं की कोणी उघडला नाही असं माहीत असेल तर कण दिसोत न दिसोत, एक्सल उघडून ब्राँझचे वॉशर टाकल्याशिवाय मॉडेल टी ची रोड टेस्ट घ्यायचीच नाही. इंजिन नवं केल्यावर तर जास्तच, कारण आता मागच्या जुन्या भागांवर जोर वाढलाय. "चालवत रहा, बसेल" हा सल्ला एक्सलच्या बाबतीत धोकादायक आहे.

फ्लोट_चेंबर:
वरच्यांनी एक्सलचं लिहिलंय त्याला पूर्ण अनुमोदन. मी पहिल्या प्रॉब्लेमबद्दल लिहितो.

जागेवर इंजिन जे पेट्रोल पितं ते अगदी थोडं, त्यामुळे नळी अर्धी बुजलेली असली तरी भागून जातं. हाय गिअरमध्ये भार आला की मागणी वाढते, कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल हळूहळू संपतं आणि मग फुरफुर. थ्रॉटल कमी केला की वाटी परत भरते, गाडी सावरते. तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचल्यावर माझं बोट सरळ इंधनाकडेच जातं, कारण कॉईल (ठिणगी पाडणारी) किंवा टायमरचा (ती कधी पाडायची ते ठरवणारा) मिस, म्हणजे ठिणगी चुकणं, असता तर तो इतका वेळ लावून आला नसता आणि असा शिस्तीत गेलाही नसता.

या गाडीत पंप नाही, टाकी पुढच्या सीटखाली आणि पेट्रोल नुसतं उतरून कार्बोरेटरला येतं. म्हणूनच टाकीत कमी पेट्रोल असताना मोठा चढ आला की लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवायचे. उतरायचा जोरच इतका कमी असतो की जरासा अडथळाही पुरतो. म्हणून पहिली टेस्ट फुकटची आहे, फुरफुरायला लागली की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा सुस्स आवाज आला आणि त्यानंतर गाडी परत तेवढंच अंतर नीट गेली तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल खाली जातंय, वर हवा यायला वाट नाही, मग ते उतरणार कसं. रंगकाम झालंय म्हणालात ना, मग तर आधी हेच बघा.

ते ठीक निघालं तर टाकीखालच्या गाळणीच्या वाटीतला गाळ काढा, आणि कार्बोरेटरकडची नळी सोडून पेट्रोल बरणीत सोडून बघा. हे सगळं उघड्यावर, इंजिन थंड असताना, बॅटरी सोडून, हाताशी आग विझवायचं सिलिंडर ठेवून. धार एकसारखी राहिली पाहिजे. सुरुवातीला जोरात आणि मिनिटाभरात बारीक झाली तर टाकीतला गंज गाळणीवर येऊन बसतोय. उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत गंज नसेल असं मला तरी वाटत नाही.

एक खूण लक्षात ठेवा. फुरफुरताना कार्बोरेटरमधून फट् फट् असं उलटं येत असेल तर मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. मागून काळा धूर येत असेल तर उलट. डॅशवरच्या मिश्रणाच्या दांडीला चालू गाडीत पाव आटा जास्त देऊन बघा, तेवढ्यापुरती सावरली तरी संशय पक्का होतो. पण तो आटा तसाच ठेवून दोष मिटला असं समजू नका.

आणि इग्निशनवरचा संशय काढून टाकायचा असेल तर स्विच बॅटरीवरून मॅग्नेटोवर (इंजिन फिरताना स्वतः वीज तयार करणारा भाग) आणि परत बॅटरीवर करून बघा. फक्त मॅग्नेटोवर मिस करते तर मॅग्नेटो किंवा त्याच्या काँटॅक्टखाली ट्रान्समिशनच्या पट्ट्यांचे तंतू अडकलेत. दोन्हीवर सारखीच करते तर पुढे चला. एकच सिलिंडर मिस करत असेल तर चार कॉईलपैकी दोनची अदलाबदल करा. मिस कॉईलबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेला तर कॉईल खराब. तिथेच राहिला तर प्लग, वायर नाहीतर टायमर. या गाडीची हीच गंमत मला आवडते, एकही मीटर न लावता ती आपल्याला उत्तर देते, फक्त प्रश्न एकावेळी एकच विचारायचा.

इंधनाचा रस्ता अडणं हा दोष मोटारीइतकाच जुना आहे हो. १८८८ च्या ऑगस्टमध्ये मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझची बायको बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन जर्मनीत मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली, शंभर किलोमीटरच्या थोडं वर, तेव्हा वाटेत इंधनाची नळी तुंबली आणि तिने ती हॅटच्या पिनेने मोकळी केली. आणि १९०७ साली रोल्स रॉइसच्या सिल्व्हर घोस्टची रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली १५,००० मैलांची जी चाचणी झाली त्यात गाडी नको असताना थांबली ती एकदाच, ६२९ मैलांवर, कारण हादऱ्यांनी पेट्रोलची तोटीच बंद झाली. तिथून पुढे १४,३७१ मैल थांबा नाही. एवढं उत्कृष्ट इंजिन, आणि अडलं कशावर तर तोटीवर. म्हणून तुमचीही तोटी हादऱ्याने फिरते का तेवढं बघून घ्या.

रेडिएटरवाला:
माझे दोन शब्द वाफेबद्दल.

नवीन रेडिएटर घ्या, पाण्याचा पंप बसवा असं कोणीतरी सांगणारच, त्याआधी स्पार्कचा लीव्हर बघा. स्टीअरिंगच्या डावीकडचा. वर असला की स्पार्क उशिरा, खाली ओढला की लवकर. हँडल मारताना (समोरून हाताने फिरवून इंजिन चालू करताना) तो वर ठेवायचाच असतो, नाहीतर इंजिन उलटा झटका देतं आणि मनगट जातं. पण चालू झाल्यावर खाली घ्यायचा, आणि नव्याने चालवणारे बरेच जण तो वरच विसरतात. स्पार्क उशिरा पडला की पेट्रोल सिलिंडरमध्ये जळून काम करायच्या ऐवजी शेवटी शेवटी जळतं, ती सगळी उष्णता एक्झॉस्टमध्ये आणि पाण्यात जाते, गाडीत दम नाही आणि पाणी उकळतंय. अंधारात बघाल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लाल झालेला दिसतो. चढावर इंजिन ठोकायला लागलं तर लीव्हर जरासा वर घ्यायचा, ठोकणं थांबेल इतकाच.

तुम्ही लीव्हर खाली घेत असाल आणि तरी फरक पडत नसेल तर टायमरपर्यंत जाणारा रॉड बघा. इंजिन खोलल्यावर तो रॉड बऱ्याचदा चुकीचा वाकवून बसवतात, मग वर लीव्हर पूर्ण खाली आला तरी टायमर अर्ध्यावरच. तपासायचं असं की लीव्हर पूर्ण वर, स्विच बॅटरीवर, सगळे प्लग काढून ठेवलेले आणि पेट्रोलची तोटी बंद, मग इंजिन हँडलने हळू फिरवा. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन सगळ्यात वर येऊन किंचित खाली उतरायला लागल्यावर त्याची कॉईल बझ्झ करून वाजली पाहिजे. बरंच खाली गेल्यावर वाजली तर स्पार्क फारच उशिरा पडतोय. आधी वाजली तर हँडल मारताना धोका.

पाण्याचं एकच सांगतो, बहुतेक टी ला पंप नसतो, गरम पाणी वर चढतं आणि थंड खाली येतं त्यावरच सगळं फिरतं. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की फिरणंच थांबतं, मग खाली कितीही पाणी असो. फॅनचा पट्टा ढिला आहे का तेही बघा.

लांबचा_पल्ला:
सगळ्यांनी दोष सांगितले, विचारलंय की टेस्ट कशी घ्यायची, म्हणून त्यावर लिहितो.

माझं ठाम मत आहे की पहिल्या टेस्टला "जाऊन येऊ कुठेतरी" असं नसतंच. सपाट, मोकळा, गोल फिरून परत घरी येता येईल असा रस्ता शोधा, जिथे कुठल्याही क्षणी गाडी बंद पडली तरी ढकलत आणता येईल. वेग ३० च्या आसपास. आणि सुरुवात ब्रेकपासून, इंजिनापासून नाही. चालण्याच्या वेगात पेडल दाबून बघा, पेडल फळीला टेकण्याआधी गाडी थांबली पाहिजे, मग हँडब्रेक एकटा ओढून बघा, मग थोडा वेग वाढवून पुन्हा. थांबवता येत नसेल तर पळवायची कशाला.

त्याही आधी स्टार्ट करतानाचं. थंडीत क्लचच्या चकत्यांमध्ये ऑइल घट्ट होतं आणि न्यूट्रलमध्येसुद्धा गाडी पुढे सरकायला बघते, हँडल मारणाऱ्याच्या अंगावर. हँडब्रेक पूर्ण मागे आणि चाकांना लाकडी ठोकळे, हे चुकवू नका. हँडल डाव्या हाताने, अंगठा बोटांच्याच बाजूला, आणि खालून वर खेचायचं, वरून खाली दाबायचं नाही.

फिरून आलात की लगेच गाडीभोवती एक चक्कर मारा आणि हात लावून बघा. चारही हबवर तळहात ठेवा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर पुढे बेअरिंग आवळलंय आणि मागे ब्रेक घासतोय. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ऑइलची रेष दिसली तर सील गेलंय आणि हँडब्रेकचा उरलासुरला उपयोगही गेला. लाकडी आऱ्यांची चाकं असतील तर चाक वरून धरून जोरात आतबाहेर हलवा, कुरकुर किंवा टिक् आला तर आरे ढिले. पाणी पाजून फुगवतात काही लोक, पण वाळलं की परत ढिले, त्या भरवशावर वेगात जाऊ नका. मागच्या हबचे नट पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा आवळावेच लागतात, टाइट केलेले असले तरी. महत्त्वाच्या नटांवर रंगाची एक बारीक रेघ नट आणि खालच्या भागावर मिळून ओढून ठेवली की फिरला का ते एका नजरेत कळतं. क्रँककेसखालच्या दोन छोट्या तोट्यांनी ऑइल बघा, पातळी दोघींच्या मध्ये हवी, वरचीतून येत नाही पण खालचीतून येतं असं.

स्टीअरिंग चालू गाडीत हलकं धरून बघा, वळणातून आपण होऊन सरळ यायला हवं. येत नसेल किंवा पुढची चाकं थरथरायला लागली तर किंगपिनचे (ज्यावर पुढचं चाक वळतं ती पिन) बुश, टाय रॉडचे (पुढची दोन चाकं जोडणारा दांडा) बोल्ट, आणि खालच्या विशबोनचा (पुढच्या एक्सलचा V आकाराचा आधार) गोळा जिथे इंजिनखाली बसतो तिथला खेळ बघा. जोडताना पुढचा एक्सल उलटा बसवलेला असला तरी असं होतं, हे मी स्वतः पाहिलंय.

एक माणूस मागून दुसऱ्या गाडीत येऊ द्या. धूर, डगमगणारं चाक, गळणारा थेंब, हे आपल्याला सीटवरून दिसत नाही, मागच्याला दिसतं. आणि एक वही ठेवा. काय केलं, काय बदललं, काय फरक पडला. एकदम तीन गोष्टी बदलल्या आणि गाडी सुधारली तर कशामुळे ते कळत नाही, आणि तोच दोष परत आला की परत पहिल्यापासून सुरू.

बर्था बेंझचं वर कोणीतरी लिहिलंय त्यात भर. त्या प्रवासात ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तर तिने वाटेत चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं, चढावर मुलांना गाडी ढकलायला लागली, आणि परत आल्यावर गाडीला चढासाठी जादा गिअर बसला. माझ्या दृष्टीने टेस्ट म्हणजे ही, जिथून गाडीत काहीतरी बदल होऊन ती परत निघते.

जुनी_टूरिंग:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी सांगत नाही. सांगितलं तसं एकेक करून बघितलं, वही पण सुरू केली.

टाकीचं झाकण आधी. भोक रंगाने पूर्ण बुजलेलं. टाचणीने उघडलं, दुसरं काही केलं नाही, आणि त्याच सपाट रस्त्यावर ब्रेक तपासून हळूहळू नेली तर एकदाही फुरफुरली नाही. गाळणीत गंज निघालाच, तोही साफ केला. टायमरचा रॉड खरंच चुकीचा होता, लीव्हर खाली पूर्ण आला तरी टायमर मध्येच अडकत होता. नीट वाकवून बसवला. चढावर अजून नेली नाही कारण आता मुख्य गोष्ट.

हबचे नट टाइट होते. डिफरन्शियलचं ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये काढलं तर राखाडी चकत्यांसारखे कण, मॅग्नेट फिरवला तर एकही हलला नाही. नखाने दाबला तर मऊ. मग वाट बघितली नाही, एक्सल उघडला. डाव्या बाजूचा वॉशर अख्खा नव्हताच, बिस्किटाचे होतात तसे तुकडे झाले होते आणि अर्धे हाऊसिंगच्या तळाशी गाळात पडलेले. उजव्या बाजूचा अखंड होता पण हातात घेतल्यावर बोटांनी तुटला. तो तुकडा टेबलावर ठेवलाय आणि बघितला की पोटात गोळा येतो, कारण पुढच्या रविवारी सगळं घर गाडीत बसून उताराच्या रस्त्याने जाणार होतं.

ब्राँझचे वॉशर मागवलेत. जोडताना अजून काय बघू?

मागचा_एक्सल:
बरं झालं थांबलात, वाचून खरंच बरं वाटलं.

नुसते वॉशर बदलून बंद करू नका. बॅबिटचे तुकडे सगळीकडे गेलेले असतात, हाऊसिंगचे दोन्ही भाग, एक्सलच्या नळ्या आतून, रोलर बेअरिंगच्या खाचा, सगळं रॉकेलने धुवा आणि कापड ओढून बघा, एक कण राहिला तरी तो नव्या बेअरिंगमध्ये जाणार. रोलर आणि त्यांच्या बाहेरच्या स्लीव्हवर खड्डे आहेत का ते उजेडात फिरवून बघा. क्राउन आणि पिनियनचे दात टोकाला खाल्लेले असतील तर जोडीच बदला, एक जुना एक नवा नको. एक्सलच्या निमुळत्या टोकाला आणि चावीच्या खाचेला झीज असेल तर तोही शाफ्ट बदला, हब त्यावर परत ढिला होणार. जोडल्यावर क्राउन हाताने फिरवून पूर्ण एका फेरीत खेळ सारखा लागतोय का बघा, एका जागी घट्ट आणि एका जागी सैल असेल तर परत उघडा, पुढे ढकलू नका.

पहिल्या छोट्या फेऱ्या झाल्या की ऑइल गरम असतानाच परत त्याच ट्रेमध्ये काढा आणि मॅग्नेट फिरवा. नवीन जोडणीचे थोडे बारीक कण येतील, ब्राँझचे पिवळसर असतात, ते चालतं. राखाडी मऊ कण परत दिसले तर तो जुना बॅबिट कुठेतरी राहिलाय, ऑइल बदलून अजून एकदा धुवा. स्वच्छ निघालं की हबचे नट आवळा, आणि मग पहिला चढ एकट्याने, रिकाम्या गाडीत.